लाथेनं आलेला गुण

रा. रा. साडूभाऊ हरिबा यांस त्रिंबकचा अंबाजोगाईच्या दवाखान्यातून रामराम. हिकडं मी बरा, तिकडं तुमी बरे असाल, नसाल तर खरं कळवा. पत्र कशापायी? तर फोनवर तब्येतीचं इचारलं की तुझी रेंज जाती. दसऱ्यापासून तुझी चमक गेली म्हणून गावभर सांगतोस, ते कळलं. त्याचं खाली लिहितो.

पोळ्याच्या टायमाला माझ्या उजव्या बरगडीत चमक निघाली. श्वास घेतला की सुरी. सांजच्याला अंगात कणकण. आता पंचक्रोशीतल्या चमका काढणारा पायाळू मीच (जलमताना पाय आधी बाहेर काढले, एवढीच माझी डिग्री). लोकाला पालथं घालून पाठीत लाथ देता येती, सोताला कशी देणार? दोन दिवस खांबाला पाठ घासली. मग कळलं, पाटोद्याची मंजुळाबाईबी पायाळू हाय. गेलतो. म्हातारी सत्तरीची, म्हणलं हलकं पाऊल लावंल. पर तिच्या मालकाला मी एकदा जरा जोरात हाणलती, ते तिच्या ध्यानात. "निजा पाव्हणं पालथं," म्हणली, अन अशी घातली की गल्लीतली कुत्री उठून गेली.

पर गुण आला! आठ दिवसात चमक गायब. मी तिचं लई नाव केलं (एका धंद्यातली असून). फकस्त दम लागाया लागला. घरात रुक्मिणी म्हणली, दवाखाना. मी म्हणलं, वय झालं, उगं बोभाटा नको. शेवटी मारुतीच्या पाच पायऱ्यातल्या तिसरीवर बसलो, तवा आमच्या पोरानं, तानाजीनं, उचलून गाडीतच घातला.

हितं डॉक्टरीणबाईनं छातीचा फोटो काढला अन म्हणली, "आजोबा, फुफ्फुसाला दोन पदरी अस्तर असतं. ते सुजून एकमेकाला घासत होतं, म्हणून दुखायचं. मग मधे पाणी साचलं, घासणं थांबलं. तुमचं दुखणं गेलं नाही, बुडालं." पाठीत सुई घालून दीड लिटर पाणी काढलं, ताकाच्या निवळीवानी पिवळं. तपासलं तर टीबी. सहा महिने गोळ्या. म्हणलं, सहा तर सहा, एकबी चुकवणार न्हाई. मंजुळाबाईची लाथ खाल्लेला माणूस गोळीला भितो का?

बाकी ठीक. लेकरास आशीर्वाद.

ता. क. दसऱ्याला तुझ्या डाव्या बरगडीत मीच लाथ मारलती (मारून मलाच दम लागला). गुण आला म्हणून तू टोपी-टॉवेल केलास, तो ह्या पत्रासंगं तानाजीबरोबर परत धाडलाय. पोरगा तुझ्या दारात गाडी चालू ठिवून उभा हाय. गुमान बस अन हितं येऊन फोटो काढ. परवा फोनवर एका वाक्यात तू दोनदा थांबलास, ते रेंजमुळं न्हवतं.

ता. ता. क. औंदा मी लाथा घातलेल्या अकरा जणांची नावं डॉक्टरीणबाईला लिहून दिलीत. तुझं पहिलं हाय. गाडीत बसला न्हाईस तर अजून एक लाथ बाकी हाय बे, अन ती गुणाची न्हाई.