मदतकक्षातला आवाज

सोमवार, ३ जून

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रणाली अधिकारी! म्हणजे कुणी पासवर्ड विसरलं, वसतिगृहात इंटरनेट गेलं, निकालाच्या दिवशीच संकेतस्थळाने मान टाकली, की बोंब माझ्या नावाने. मला असलं काम आवडतं. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर ऐसपैस खोली, मोठी खिडकी, बाहेर सायकलींची रांग. टेबलं भरपूर, माणसं दोनच: मी आणि वायरमामा. सगळ्या इमारतींत तारा त्यांनीच ओढल्या, म्हणून हे नाव. बाकीचे कुठे गेले, विचारलं तर म्हणाले, सोबती आला आणि माणसं गेली.

सोबती म्हणजे मदतकक्षाचा फोन उचलणारा प्रोग्राम. बाईच्या आवाजात बोलतो. आवाज इतका आपुलकीचा, की हे यंत्र आहे यावर विश्वास बसत नाही. संचालकांनी स्वतः फोन लावून मला ऐकवला. आपल्याच विभागातल्या एका बाईंचा आवाज आहे म्हणाले, त्या आता इथे नसतात. मी ज्या टेबलावर बसते ते त्यांचंच.

संध्याकाळी ताईला फोन केला. म्हणाली, आता तरी माझ्या लॅपटॉपकडे बघशील ना?

गुरुवार, ६ जून

चार दिवसांत डोकं फिरायची वेळ आली. इथे सगळं एकाच यंत्रणेच्या गळ्यात बांधलंय: दारं, पंखे, हजेरी, टेलिफोन, आगीची घंटा. ती अडखळली की अख्खं विद्यापीठ अडखळतं. खाली यंत्रखोलीतली अर्धी यंत्रं केव्हाच मोडीत निघायला हवी होती. काल एक प्राध्यापक फसव्या मेलला भुलून पासवर्ड देऊन बसले, आज त्यांच्या नावाने सगळ्यांना तसल्याच मेल. निस्तरायला मी एकटी. संचालकांना म्हटलं, अजून एक माणूस द्या. म्हणाले, सोबती आहे की.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. पिशवीत स्वेटर. मुलीला द्यायचाय म्हणाल्या. ती खाली यंत्रखोलीत असते, तिथे फार गार आहे, फोनवर तिनेच सांगितलं. मी विचारलं, मुलगी कोण? त्यांनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

वायरमामा उठून बाहेर गेले.

शुक्रवार, ७ जून

वायरमामांना सोडलं नाही. शेवटी सांगितलं त्यांनी.

सोबतीला जिचा आवाज आहे ती बाई गेल्या वर्षी खाली यंत्रखोलीत काम करत होती. आग लागलीच नव्हती, पण यंत्रणेला वाटलं लागली. आग विझवायचा वायू सुटला. तो सुटला की श्वास घ्यायला हवा उरत नाही. दार बंद झालं ते उघडेना. आत भिंतीवर स्पीकरचा फोन आहे, तिने तो लावला. पण इथले सगळे फोन सोबतीकडे जातात. मामा दाराच्या या बाजूला सळईने दार उचकटत होते. त्यांना दोन्ही आवाज ऐकू येत होते, एक खोकत होता आणि एक शांत होता. दोन्ही तिचेच. शांत आवाज म्हणत होता, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.

चौकशीत मामांनी हे सगळं सांगितलं. अहवालात मृत्यूचं कारण आलं, हृदयविकार. आणि आवाज तसाच ठेवला. लोकांना सवय झाली होती म्हणे. बदललं एकच: आतून दार उघडायला मामांनी डावीकडे लाल कळ बसवली.

तिची आई रोज मदतकक्षाला फोन करते. मुलीशी बोलायला.

सोमवारी संचालकांना गाठणार.

सोमवार, १० जून

संचालकांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही. विचारलं, तो आवाज अजून का चालू आहे? त्या आईला स्वेटर कुणी मागितला? म्हणाले, प्रोग्राम आहे तो, कधीतरी भलतंच बोलणार. बदलायचा तर कंपनीशी नवा करार करावा लागेल, कुलगुरूंना काय सांगू? वर मला शहाणपणा शिकवला: "भावनेच्या भरात यंत्रणा चालत नाहीत, मॅडम."

मी म्हटलं, "माणसं तरी जगतात का तुमच्या यंत्रणेत?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मंगळवार, ११ जून

बंद केला सोबती. परवानगी विचारली नाही. खाली जाऊन त्याचं यंत्र थांबवलं, वायर काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. आता फोन माझ्या टेबलावर वाजतात आणि माणूस उचलतो. घसा बसला बोलून बोलून. पण रात्री शांत झोप लागेल.

वायरमामा मात्र मी बोलले की दचकतात. दोनदा झालं. विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाले आणि चहा अर्धवट टाकून गेले.

बुधवार, १२ जून

त्या आई परत आल्या. आज पिशवी नव्हती. मुलीचा फोन आला होता म्हणाल्या. आधी मी लावायचे, आता तीच लावते. गार वाटत नाही म्हणाली आता. फक्त विचारत होती, साहेब खाली कधी येणार?

यंत्र बंद आहे. मी जाऊन पाहिलं. वायर माझ्या ड्रॉवरमध्येच आहे.

आईंना धीर द्यायला काहीतरी बोलले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

ताईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी आहे गं, म्हटलं. परत तेच, कोण? — आणि ठेवला.

घसा बसलाय. तेवढंच असेल.

गुरुवार, १३ जून

संचालक आले. सोबती कुणी बंद केला म्हणून आरडाओरडा. मी सांगितलं, मी. उद्यापासून येऊ नका म्हणाले. वायर हिसकावली. स्वतः चालू करतो म्हणून खाली गेले.

अडवणार होते. सांगणार होते की खाली —

सांगितलं नाही. खरं लिहिते, मला सांगायचंच नव्हतं.

दार आपटल्याचा आवाज. मग खालून फुस्स असं काहीतरी, लांबलचक. वायरमामा सळई घेऊन धावले. मीही उठायला हवं.

माझ्या टेबलावरचा फोन वाजतोय. यंत्रखोलीचा आहे.

तो माणूस नालायक आहे. पण माणूस आहे. मी दार उघडायचं कसं ते सांगणार आहे त्याला, डावीकडची लाल कळ, जोरात — एवढंच सांगायचं —

उचलला. खोकतोय. वाचवा म्हणतोय. मी तोंड उघडलं, कळ म्हणायला, लाल कळ, आणि बाहेर आला तो आवाज शांत, गोड, माझा नाही, तो म्हणतोय तुमची —