खिशातलं काडतूस

हेरफर्डजवळचा मळा
३ सप्टेंबर १९७४

ति. सिरिलदादा यास,

सा. न. वि. वि. नमस्कारात डाव्या हाताची दोन बोटं कमी भरतील, तेवढं सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक. सफरचंदं यंदा इतकी लागली आहेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. मॅबेलचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या तोंडाला काही झालेलं नाही. ती रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते आणि रोज म्हणते की चाळीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच इतका वेळ समोर स्थिर उभा राहतो. तुझं काय? अजून शेकोटीशी बसून मेलेल्या कवींशी गप्पा चालल्या आहेत ना? शाळा सुटून बारा वर्षं झाली, आता त्या पोरांबरोबर तूही सुटायला हरकत नाही.

आता कामाचं. गेल्या नोव्हेंबरात तुझ्या त्या ऐंशी वर्षांच्या दुनळी बंदुकीची उजवी नळी माझ्या हातात फुटली. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी तुमच्या गावच्या त्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या बेव्हनने ती तपासून, खुशाल वापरा, म्हणून तुझ्या हाती दिली होती. एवढंच दोन ओळींत लिहून, सही करून माझ्या वकिलाकडे पाठव. मला भरपाईबिरपाई नको. त्या माणसाने पुन्हा कुणाच्या बंदुकीला हात लावू नये, इतकंच हवं आहे. आमच्या बाजूच्या लोकांनी त्याच्याकडे बंदुका देणं बंद केलंच आहे. तुमच्याकडचेही कचरतात असं ऐकतो. तुझी सही आली की उरलंसुरलं दुकानही मिटेल.

लोभ आहेच, तो वाढवायला एकदा येऊन जा.

तुझा,
मॉरिस


रॅशबॅच, श्रॉपशायर
१४ सप्टेंबर १९७४

चि. मॉरिस यास अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मॅबेलची बटणांची गोष्ट वाचून हसलो, आणि हसल्यावर चष्मा पुसावा लागला.

इकडे गव्हाची कापणी झाली. संध्याकाळी शेताच्या बांधावर उभा राहतो तेव्हा तितरांची हाक येते, गंजलेलं फाटक कुणी हळूच उघडावं तशी. आपले बाबा आपल्याला शेताच्या कडेला उभं करून त्या बंदुकीची नळी उन्हात फिरवून दाखवत, आठवतं? लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली नळी, आणि तिच्यावर ओढ्याच्या पाण्यासारख्या त्या रेघा. तू विचारायचास की हे पाणी कुठे वाहत जातं. मी तेव्हाच ठरवलं होतं की हा मुलगा कवी होणार. झालास शेतकरी, आणि मी मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या कविता पोरांच्या गळी उतरवत बसलो. भिंतीवर त्या बंदुकीच्या जागी दोन खिळे आहेत. बाकीच्या सहा बंदुका तेल लावून ठेवल्या आहेत. यंदा एकही बाहेर काढावीशी वाटत नाही.

सहीचं म्हणशील, तर बेव्हन एकाहत्तर वर्षांचा आहे. बायको नाही, मुलगी ग्लेनिस दुकान आणि घर दोन्ही सांभाळते. काल त्याच्या दारावरून गेलो. कानशीचा आवाज नव्हता. तो नुसता खिडकीशी बसला होता. मला पाहून त्याने टोपीला हात लावला. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. जाऊ दे ना, मॉरिस. त्या दिवशी थंडी होती, धुकं होतं, घाई होती. कुणाच्या हातून काय झालं हे आता

असो. हाताला कोमट तेल लावत जा.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
सिरिल


हेरफर्डजवळचा मळा
३० सप्टेंबर १९७४

ति. सिरिलदादा यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र म्हणजे तितरं, धुकं, बाबा आणि नळीवरचं पाणी. सही कुठे आहे? वकील दुसऱ्यांदा विचारतो आहे. तुझं मन लोण्याचं आहे हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, पण बोटं माझी गेली आहेत.

आणि ऐक. मागच्या मंगळवारी बेव्हन स्वतः इथे आला. दोन बस बदलून, मुलीला घेऊन. वकिलाकडे ठेवलेली नळी त्याने बघून घेतली होती. म्हणे, ती माझ्या तपासणीच्या चुकीने फुटायची असती तर मागे, काडतुसाच्या घराशी फुटली असती. ती अर्धी वीत पुढे फुटली आहे, म्हणजे आत काहीतरी अडकलेलं होतं. काय, ते मात्र सांगेना. मी दारातच त्याला उभा फाडला. खोटारडा म्हणालो, म्हातारा चोर म्हणालो, त्याच्या मुलीसमोर. मॅबेल माझी बाही ओढत होती. त्याने टोपी घातली आणि गेला.

पण त्या बोलण्याने एक आठवण झाली, ती तुला विचारतो. माझी काडतुसं संपली म्हणून तू तुझ्या कोटाच्या खिशातून मला मूठभर दिलीस. मी उजव्या नळीत एक टाकलं, चाप ओढला, तर नुसतं टक्‌ झालं. उघडून बघतो तो घर रिकामं. मला वाटलं, टाकायचंच विसरलो, दादाचा विसराळूपणा लागला मला. मी हसलोसुद्धा. मग दुसरं टाकलं आणि ते झालं. तू त्या सकाळी नळीत चिंधी फिरवली होतीस ना? आत माती, बोळा, काही नव्हतं ना? एवढंही दोन ओळींत लिही, म्हणजे त्या म्हाताऱ्याचं तोंड कायमचं बंद होईल.

माझा राग त्याच्यावर आहे, तुझ्यावर नाही, हे जाणून असावं.

मॉरिस


रॅशबॅच
४ ऑक्टोबर १९७४

मॉरिस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. हे पत्र मॅबेलला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटा वाच.

नळी मी त्या सकाळी पुसली होती. आत काही नव्हतं. जे गेलं ते माझ्या खिशातून गेलं.

तुझ्या ऑलिव्हवहिनीची ती लहान बंदूक तुला ठाऊक आहे, वीस नंबरची; नंबर मोठा तितकी नळी बारीक. तिची काडतुसं मीच भरत असे, आपल्या बारा नंबरच्यासारखीच, जुन्या तऱ्हेच्या डाळिंबी कागदात. कारखाने आता वीस नंबरचं काडतूस पिवळंच करतात, ते याच कारणासाठी. ते बारा नंबरच्या नळीत पडलं तर घरात न थांबता पुढे घसरतं आणि अडकून बसतं, आणि मागून बघणाऱ्याला घर रिकामं दिसतं. ऑलिव्ह मला नेहमी सांगायची, सिरिल, त्या पिवळ्यात वाईट काय आहे? मी म्हणायचो की इतक्या देखण्या बंदुकीत मोहरीच्या पिवळ्या डब्यासारखं काडतूस घालवत नाही. माझ्या डोळ्यांचे लाड, दुसरं काय.

ती गेल्यापासून शिकारीला निघताना तिच्या शेवटच्या डब्यातलं एक काडतूस मी बरोबर घेत आलो. उडवायला नव्हे, सोबतीला. आतल्या जाकिटाच्या खिशात ठेवायचो आणि घरी आल्यावर तिच्या तसबिरीपुढे परत. त्या दिवशी जाकीट भिजलेलं होतं म्हणून नुसता कोट चढवला. काडतूस कोटाच्या खिशात टाकलं, बाकीच्यांत. पाचव्यांदा हाकारे घातले तेव्हा फेझंट पक्षी डोक्यावरून चालले होते, तू ओरडलास की काडतुसं दे. मी न बघता मूठ भरून दिली. खरं सांगायचं तर मी त्या वेळी पक्ष्यांकडेही बघत नव्हतो. धुक्यातून ते निघत होते, तशीच एका कवितेतली ओळ मी वर्गात मुलांकडून म्हणून घेत असे, ती आठवत होतो.

हॉस्पिटलात तुला ठेवून घरी आलो, सवयीने तसबिरीपुढे उभा राहिलो आणि खिशात हात घातला. त्यात सगळी बारा नंबरची होती.

म्हणजे त्याच दिवसापासून मला ठाऊक आहे. साडेदहा महिने. पहिल्या आठवड्यात म्हणालो, तू जरा बरा झालास की सांगू. मग लोक म्हणू लागले की जुन्या नळ्यांचा भरवसा नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग ते बेव्हनचं नाव घेऊ लागले, आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं हळूहळू अंगवळणी पडलं रे, तेच सगळ्यांत वाईट. मागच्या पत्रात एक वाक्य अर्धं सोडलं, ते तुझ्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं नाही म्हणूनही मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेत काचा फोडून दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्या पोरांना मी कोपऱ्यात उभं करत असे. इतक्या कविता पाठ आहेत, पण या वेळी उपयोगी पडेल अशी एक ओळ सापडत नाही.

वकिलाकडे काय लिहून पाठवायचं ते तू सांग. तसंच लिहीन.

सिरिल


हेरफर्डजवळचा मळा
१९ ऑक्टोबर १९७४

सिरिल,

वकिलाला मी कळवलं आहे. बेव्हनवरच्या तक्रारीचा कागद फाडला.

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही कारण रोज लिहिलेलं शेगडीत जात होतं. बोटांचं म्हणशील, तर ती मी त्याच दिवशी सोडून दिली असती. हॉस्पिटलच्या खाटेवर तू सांगितलं असतंस तर आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग ऑलिव्हवहिनी वरूनही माझी खोड काढते म्हणून हसलो असतो. पण तू मला एका निरपराध माणसाच्या अंगावर सोडलंस आणि बाजूला उभा राहिलास. त्याच्या मुलीसमोर त्याला चोर म्हणणारं तोंड माझं होतं. ते मला परत घेता येत नाही.

मी उद्या बेव्हनकडे जाऊन माझ्या वाट्याचं मागणार आहे. तुझ्या वाट्याचं तू माग. आणि फक्त त्याच्याकडे नाही. ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून बंदुका काढून नेल्या त्या सगळ्यांसमोर, तुमच्या शिकारीच्या पहिल्या शनिवारी, निघण्याआधी सगळे जमतात त्या कोठारात. मी येणार नाही. ख्रिसमसलाही तू इकडे येऊ नकोस.

मॅबेलला मी सांगितलं. ती काही बोलली नाही, आणि ते तिला शोभत नाही.

मॉरिस


रॅशबॅच
३ नोव्हेंबर १९७४

चि. मॉरिस यास,

उत्तराची अपेक्षा ठेवून लिहीत नाही. काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

बेव्हनकडे आधीच जाऊन आलो. त्याने मला बसायला स्टूल दिलं, स्वतः उभा राहिला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला की वकिलाच्या टेबलावरची नळी हातात घेतली तेव्हाच आत काडतुसाच्या पितळी बुडाची चंद्रकोरीसारखी कड चिकटलेली दिसली होती, बारा नंबरच्या मानाने लहान. गावात त्या डाळिंबी कागदाची काडतुसं कोण भरतं हेही त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तर म्हणे, मास्तर, मी बोललो असतो तर ती धंदेवाल्याची पळवाट झाली असती. तुम्ही बोललात तरच ते खरं होणार होतं. तेव्हापासून दाराची घंटा वाजली की वाटायचं तुम्हीच आहात. त्या दिवशी तुम्ही रस्ता ओलांडलात तेव्हा मात्र आशा सोडली. ग्लेनिस आतल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. ती माझी विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यांत स्पष्ट कविता म्हणायची.

काल कोठारात सगळे जमले होते. शिकारीचा कॅप्टन म्हणून यंदा हार्टली आहे. शेतात रोवलेल्या कोणत्या खुंटीपाशी कोणी उभं राहायचं हे ठरवायच्या हस्तिदंती काड्यांची चामड्याची डबी त्याने काढली, त्याआधी मी बोलायला परवानगी मागितली. वर्गापुढे पंचेचाळीस वर्षं उभा राहिलो, पण काल पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. तरी बोललो. ऑलिव्हचं काडतूस, माझी मूठ, साडेदहा महिने, बेव्हनचं दुकान. काहीही गाळलं नाही, धुकंसुद्धा घातलं नाही. बाकावर माझ्या शेजारचे दोघे सरकले, जवळ की लांब ते मला कळलं नाही. मग हार्टलीने डबी माझ्यापुढेही धरली, सगळ्यांना धरतो तशीच. मी काडी काढली नाही. काठी घेतली आणि हाकारे घालणाऱ्यांबरोबर झुडपांतून निघालो. सत्तरीचा जुना हाकाऱ्या पीच माझ्या शेजारी होता. फर्लांगभर गेल्यावर म्हणाला, मास्तर, खिशात काय काय आहे ते बघून घेतलंत ना, नाहीतर आमचीच तितरं व्हायची. त्या दिवसात माझ्याशी कोणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

दुपारी जेवणाला थांबलो तेव्हा हार्टलीने आपली बंदूक मधून उघडून खांद्यावर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हिचा डावा चाप जड जातो, सोमवारी बेव्हनकडे टाकतो. आणखी दोघांनी माना हलवल्या.

तू म्हणालास तसं केलं. याहून जास्त काही मागण्याचा हक्क मला नाही.

सिरिल


हेरफर्डजवळचा मळा
१२ नोव्हेंबर १९७४

सिरिलदादा,

पत्र पोचलं. बेव्हनने मला चहा दिला होता. तो पिताना कप दोनदा हिंदकळला. त्याने न बघितल्यासारखं केलं.

मी अजून रागावलेलो आहे. किती दिवस, ते मला माहीत नाही, विचारू नकोस.

मॅबेल रविवारी तिच्या बहिणीकडे जाणार आहे. ती ओव्हनमध्ये मांस ठेवून जाईल. डाव्या हातात काटा धरवत नाही, त्यामुळे माझ्या ताटातलं मांस ती कापून देते. तू साडेबाराच्या बसने ये. तू कापून दे. मग मी ते खाईन. बोलेन की नाही, ते त्या वेळी ठरवू.

मॉरिस