क्लेमच्या छत्रीचं भोक

कूनाबिन,
जत्रेनंतरचा मंगळवार

प्रिय व्हर्नाताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? किनाऱ्यावरची दमट हवा त्याला मानवते का? इथे आम्ही सगळे (कोंबड्या धरून) सुखरूप आहोत. माझी झोप तेवढी उडाली आहे, आणि त्याला कारण क्लेम ट्रेवेना.

क्लेम म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा, ज्याचा गहू दरवर्षी माझ्या गव्हाहून चार बोटं उंच वाढतो आणि ज्याची गाडी कधी चिखलात रुतत नाही. त्याची बायको वारल्यापासून गावातल्या बाया त्याला केक नेऊन देतात. मला कुणी देत नाही (माझी बायको ग्लेनिस जिवंत आहे, हे मान्य). तर यंदा जत्रेत, गहू साठवायच्या उंच सायलोवरून अंडं सोडायच्या स्पर्धेत त्याची जिरवायचीच असं मी ठरवलं. नियम तुला ठाऊकच आहेत: अंडं स्वतःच्या कोंबडीचं, त्याला बांधायची कापडी छत्री घरी शिवलेली, आणि जे न फुटता सर्वांत सावकाश उतरेल ते जिंकलं. पडणाऱ्या वस्तूला हवा खालून अडवते, आणि कापड जितकं पसरट तितकी जास्त अडवते, एवढं मला कळतं. म्हणून मी पाहुण्यांची ठेवणीतली चादर कापून भलीमोठी छत्री शिवली. हवेला निसटायला सुईएवढीही जागा ठेवली नाही.

क्लेमची छत्री लहानशी, आणि तिच्या टाळूवर चक्क भोक. मी शिडीवरच हसलो. म्हटलं, "काय रे क्लेम, उंदराने कुरतडली का?" तो म्हणाला, "असू दे मॉरी, बघू." त्याचा हा सोज्वळपणाच मला डाचतो.

माझी छत्री फुगली, झकास फुगली. मग आत कोंडलेली हवा एकदा या काठाने निसटली, एकदा त्या काठाने, आणि अंडं पाळण्यात बसल्यासारखं झोके घेऊ लागलं. झोके वाढत गेले आणि ते थेट सायलोच्या भिंतीवर आपटलं. खाली केकच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई उभ्या होत्या (नव्या टोपीत). क्लेमचं अंडं मात्र भोकातून थोडी थोडी हवा सोडत, न डगमगता, सरळ गवतावर उतरलं. "मॉरी, तवा आणू का?" असं आमचा खाटीक सगळ्यांदेखत म्हणाला. आणि क्लेमसाठी सर्वांत जास्त टाळ्या माझ्या ग्लेनिसने वाजवल्या. मी जळतो ताई, अगदी आतून जळतो.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
मॉरिस

ता. क. भोकाची युक्ती क्लेमची नव्हे, ग्लेनिसची. तिने आधी मलाच सांगितली होती. "तू आपला केक बघ," असं मी म्हटलं. मग तिने कुंपणापाशी जाऊन ती क्लेमला सांगितली, आणि त्या गृहस्थाने लगेच कात्री आणली.

पु. ता. क. तिला पत्र लिहिशील तेव्हा भोक केवढं असावं ते सहज विचार. मी विचारायला सांगितलं हे कळू देऊ नकोस. उरलेली चादर काल मी जेवणाच्या टेबलावर पसरली, शेजारी कात्रीही ठेवली, आणि बसून राहिलो. तिने चादरीची नीट घडी केली, कपाटात ठेवली, आणि मला चहा हवा का तेवढं विचारलं.