रांजणासाठी सोडलेलं खोटं

आबा, हे मी लिहीत न्हाई, सून लिहिते. मी सुपात ज्वारी घेऊन निवडत बोलते, अन् ती माझं बोलणं धुऊन, पिळून, झटकून कागदावर वाळत घालते. तिची चौथी झालेली आहे. तुमच्या लेकीचं काय झालेलं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही गेलात तेव्हा निजामाचं राज्य होतं. ते गेलं, मंग आपल्याला मुंबई राज्यात घातलं, आता महाराष्ट्र होणार म्हणून बाजारात सगळे बोलून राह्यलेत. एवढी राज्यं बदलली, पण माझा राग जिथं ठेवला होता तिथंच सापडला, अन् चांगला ताजा. म्हटलं, मेलेल्या माणसाशी भांडायला काय हरकत आहे? निदान मधी तोंड तरी घालणार न्हाई.

आपलं रंगाचं घर आठवा. कुंडलिकेच्या काठी, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा रांजण, त्यात गूळ, चुना अन् तुमचा जन्मभराचा घमेंडी स्वभाव. रांजणात कापड बुडतं तेव्हा ते हिरवट-पिवळं निघतं, अन् हवेत धरलं की बघता बघता निळं होतं. मी तेव्हा परकर सावरत तुमच्या मागंमागं फिरणारी पोर. एक दिवस तुम्ही कापड पिळून राह्यलात, अन् पिळ्यातून एक थेंब शेजारच्या पितळी घंगाळात पडतो. नितळ पाणी. थेंबाला आधी मुळ्या फुटतात, मंग फांद्या, असं वाटतं पाण्यात उलटं झाड उगवलं. मंग झाड विरतं अन् नुसतं फिकट पाणी उरतं. मी घंगाळापाशी बसले ती उठेचना. आईनं जेवायला हाका मारल्या, तरी मी तिथंच. तुम्ही विचारलं, ‘काय बघून राह्यलीस?’ मी म्हटलं, ‘आबा, थेंब पसरला, तसा परत गोळा कधी होतो? मी वाट बघून राह्यले.’ तुम्ही म्हणालात, ‘होत न्हाई.’ मी म्हटलं, ‘का होत न्हाई? कोणी अडवलंय त्याला?’ तर तुम्ही तसाच ओला हात माझ्या गालावर वाजवलात. ‘रांजणापाशी असं विचारायचं नसतं. रांजण ऐकतो.’ निळीचा हात तो. गालावरचा पंजा घासून घासून जाईना. आई म्हणायची, ‘बरं झालं, पोरगी कोणाची ते सांगायला नको.’

अन् तुमचं नशीब असं थोर की दुसऱ्याच दिवशी रांजण बिघडला. फेस बसला, घाण वास सुटला, कापड बुडवावं तर मळकं निघावं. माझा प्रश्न बाधला म्हणे. आता ही आपल्या लोकांची रीत सुनेला ठाऊक न्हाई, म्हणून सांगते, नाही तर ती लिहिता लिहिता माझ्याकडं बघत बसंल. निळीचा रांजण बिघडला की रंगाऱ्यानं बाजारात एक खोटी बातमी सोडायची. साधी न्हाई, गावाला तोंडात बोट घालायला लावंल अशी. गाव जितकं ती चघळंल तितका रांजण सुधारतो. शेजारचे रंगरेज चाचासुद्धा हेच करायचे. त्यांनी एकदा शिकलेल्या बोकडाची बातमी सोडली होती, अन् भोकरदनहून माणसं बोकड बघायला आल्ती. लोकांनाही ही रीत ठाऊक असायची, पण बातमी कानावर पडली की ती रांजणाची आहे का खरी आहे, हे कळायला दोन-चार दिवस जायचेच.

तुम्ही तेव्हा कोणती बातमी सोडलीत, आबा? बोकडाची न्हाई, भुताची न्हाई. तुम्ही धान्याच्या आडतीवर जाऊन सांगितलंत, ‘मी माझ्या पोरीला पंतोजीकडं बसवून राह्यलो. तिला लिहायला शिकवतो.’

सगळ्या जालन्यात तुम्हाला यापरतं अचाट खोटं सुचलं न्हाई.

मला ती बातमी घरात न्हाई कळली. नदीवर बाया बोलून राह्यल्या होत्या, तिथं कळली. मी पळत घरी आले. दादाची फुटकी पाटी होती, तिचा अर्धा तुकडा कोळशानं घासून काळा केला. आईकडून वेणी घालून घेतली. तिनं घातली. ती बातमी रांजणाची आहे हे तिला ठाऊक होतं की न्हाई ते मी तिला कधी विचारलं न्हाई. अन् मी दारात बसले, तुम्ही मला पंतोजीकडं न्यायला येणार म्हणून. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. ‘काय गं, मामलेदारीण होणार का?’ ‘सासऱ्याला पत्र लिहिणार का?’ मी मान ताठ करून बसलेली. तुम्ही आलात, मला बघितलंत, पाटी बघितलीत, अन् हसलात. रागावला असतात तर मी आज हा कागद खराब केला नसता. तुम्ही पोट धरून हसलात. ‘अगं येडे, ते रांजणासाठी होतं.’ मंग गल्लीकडं वळून, ‘बोला, बोला, जितकं बोलाल तितका रंग चढंल!’

चढला. पुढच्या हप्त्यात रांजण बराबर झाला. पहिलं कापड निघालं त्याचा तुम्ही मला परकर शिवून आणलात. ‘तुझ्यामुळं सुधारला, तुझाच मान.’ काय उमदा माणूस! मी तो परकर नेसून गल्लीतून फिरले, पायांना निळा रंग लागत होता, अन् बाया म्हणत होत्या बाप किती मायाळू. आबा, तू खोटारडा होतास.

सून थांबली. म्हणते, ‘आत्याबाई, वडिलांना तू?’ म्हटलं, लिही. वर गेलेल्याला मानपान कशाचा? त्याला काही लग्नाच्या पंगतीला बसवायचं न्हाई.

आता एवढ्या जुन्या गोष्टीचा राग आजच का, ते ऐका. तुमची पणती, म्हणजे या सुनेची पोरगी, औरंगाबादला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकली. आता तिला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. माझ्या लेकाचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे. हा तुमचा नातू तुमच्यावरच गेलाय. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं तरी हसून म्हणतो. त्यानं भोकरदनचं स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगी अडून बसली, जेवेना. तेव्हा तो चार पाहुण्यांसमोर म्हणाला, ‘बरं, तू जे शिकणार ते माझ्या मायला समजावून दाखव. मायला समजलं तर जा पुण्याला.’ अन् हसला. आबा, तेच हसू! त्यालाही सगळ्या घरात यापरती अशक्य गोष्ट सुचली न्हाई. म्हातारीला समजेल! पाहुणेही हसले. मी सुपारी कातरत होते, कातरत राह्यले, पण सुपारीचा पार भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वयंपाकघरात आली. साखरेचा घट्ट पाक केला, लिंबू पिळून, खडा होऊ नये म्हणून. सुनेचं तोंड बघण्यासारखं होतं, महिन्याची साखर गेली. लोणच्याची काचेची बरणी घेतली, तिच्या बरोबर मधी उभा पितळी पेला धरला, अन् पेला अन् बरणी यांच्या मधल्या जागेत तो गार पाक ओतला. मंग पाकातच कालवलेल्या कपड्याच्या निळीचा एक थेंब आत सोडला. मी म्हटलं, ‘हे काय करून राह्यलीस?’ म्हणाली, ‘आजी, पेला हळू फिरव.’ मी फिरवला. थेंब ताणला, त्याची दोरी झाली, दोरीची धूसर पट्टी झाली, मंग काही उरलं न्हाई. मी म्हटलं, गेला. ती म्हणाली, ‘आता उलटा फिरव. तितकाच, तितकाच हळू.’

आबा, थेंब परत आला.

धुरकट झाला होता कडेनं, पण आला. तिथंच, तेवढाच. माझा हात पेल्यावरच राह्यला. गाल आपोआप गरम झाला, तुमचा पंजा जिथं होता तिथं.

पोरीनं मंग दुसऱ्या पेल्यात साधं पाणी घेऊन थेंब सोडला, अन् तेच जुनं झाड उगवून विरलं. म्हणाली, ‘पाक घट्ट, त्यात कोणी कोणाला फारसं ढकलत न्हाई, जो तो आल्या वाटेनं परत जातो. पाण्यात बारीक बारीक कण एकमेकांना सारखे धक्के मारतात. थेंबाला परत जमायची बंदी कोणीच केलेली न्हाई, आजी. पण पसरायच्या वाटा मोजता येणार न्हाईत इतक्या, अन् जमायची एखादी. म्हणून जमलेला कोणी बघितला न्हाई. वाट बघत बसलं तरी माणसाचं आयुष्य पुरणार न्हाई.’ मी विचारलं, ‘म्हणजे वाट बघणं चूक न्हाई?’ म्हणाली, ‘चूक कशी? जगभरची मोठी मोठी माणसं या प्रश्नावर जन्म घालवतात. परत का येत न्हाई, कोण अडवतं, हाच तर प्रश्न आहे.’

कोणी अडवलंय. माझेच शब्द. अन् तुम्ही म्हणालात, रांजण ऐकतो! तुम्हाला उत्तर ठाऊक न्हवतं याचा मला राग न्हाई. उत्तर कोणालाच ठाऊक न्हवतं. पण ‘मला ठाऊक न्हाई, पोरी’ एवढं म्हणायला काय तुमच्या पगडीचा रंग उतरला असता? हात उचलायला मात्र जल्दी.

मंग ती म्हणाली, आता इतक्यात परदेशात काही लोकांनी याहून नवल केलंय. पदार्थाच्या पार आतल्या कणांत भोवऱ्यासारखं काहीतरी फिरत असतं. सगळे भोवरे एकदम सोडले की थोड्याच वेळात कोणी पुढं, कोणी मागं, सगळा गोंधळ. वाटतं आता काही जुळायचं न्हाई. तेवढ्यात बाहेरून एक टोला दिला, की ते आपोआप परत एका ओळीत येतात अन् हाक दिल्यासारखा पडसाद उमटतो. मी म्हटलं, मला भोवरा नको, माझ्या ओळखीचं सांग. तिनं थोडा विचार केला. ‘आजी, गुरं चरायला सुटतात. चपळ गाय लांब जाते, म्हातारी जवळच राहते. गुराख्यानं हाळी दिली अन् सगळी एकदम माघारी फिरली, तर? चपळ गायीला लांबचं यायचंय पण ती पळते, म्हातारीला जवळचं पण ती हळू. सगळी वेशीत एकाच वेळी येतील.’ मी म्हटलं, ‘बाई गं, तू गुरं कधी बघितलीस का? एखादी म्हैस डबक्यात बसणारच. ती काय तुझ्या हाळीला उठते?’

पोरगी उडालीच. ‘आजी! तेच, तेच! एखाद्या कणाला शेजाऱ्याचा धक्का लागतो, तो वाट विसरतो, म्हणून पडसाद बारीक येतो. मला पुण्याला त्या म्हशीचाच अभ्यास करायचाय!’

तेवढ्यात लेक दुकानातून जेवायला आला. बरणी बघितली, हसला. ‘काय माय, समजलं का?’

मी म्हटलं, ‘समजलं.’

‘काय समजलं?’

‘ते तुला सांगून समजंल का? मॅट्रिकला किती फेऱ्या मारल्यास ते आधी पोरीला सांग.’

‘माय, मस्करी न्हाई. सगळं समजलं?’

‘बिलकुल सगळं. चार पाहुण्यांसमोर बोललास, आता त्यांनाच बोलाव, त्यांच्यासमोर विचार. न्हाई तर उद्या मीच आडतीवर जाऊन सांगते, की माझ्या लेकाचा शब्द रांजणासाठी होता.’

त्याला रांजणाचं काही कळलं न्हाई. पण आडतीचं कळलं. त्याचं हसू उतरलं, अन् आबा, ते उतरताना बघायला मी जन्मभर थांबले होते. पोरीची ट्रंक भरली. ती गेली. भोकरदनच्या लोकांना निरोप गेला. बरणी मी धुऊ दिली न्हाई. अधूनमधून पेला पुढं फिरवते, मागं फिरवते. थेंब येतो, दर वेळी जरा धुरकट.

सून विचारते, हा कागद कुठं ठेवायचा. टपालवाला तुमच्यापर्यंत जाईल असं वाटत न्हाई, अन् गेलाच तरी तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घ्याल अन् हसाल. ठेव म्हटलं बरणीखाली. डाग पडला तर पडू दे.

अन् शेवटचं लिही गं. थांबू नको, लिही. आबा, मला म्हशीपर्यंत समजलं. त्याच्या पुढं पोरगी बराच वेळ बोलत होती, ते काही समजलं न्हाई. रांजण बिघडला होता, म्हणून मी खोटं सोडलं.