उन्हाळ्यात न उतरलेली दूध भुकटी

कुमुदिनी वासुदेव आठल्ये, देशभरातील दुग्धशाळांनी महिन्यात किती लोणी, तूप आणि दूध भुकटी तयार केली याचे विवरण तू दर महिन्याला सिद्ध करीत होतीस, आणि मला त्या कामाचा मत्सर वाटे, हे तुझ्या निधनानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच लिहितो आहे. पोळ्या लाटता लाटता तू म्हणायचीस, "अहो, थंडी पडली बघा, भुकटी कशी वर चढली!" माझ्या केंद्र सरकारच्या मंत्रालयातील फायलींविषयी ऐकताना तुझा चेहरा असा कधी उजळला नाही. त्याहून अधिक मत्सर गाझियाबादच्या एका मोठ्या दुग्धशाळेच्या व्यवस्थापकाचा. तुझ्या कार्यालयाचा फोन लागला नाही की तो घरी आकडे कळवी. "मैडम, इस बार तो घी ने नाक कटवा दी," असे त्याने म्हणावे आणि तू पदर तोंडाशी नेऊन हसावेस.

मे महिना आहे. तू करोल बागेत खरेदीला गेली आहेस. फोन वाजतो. "भाई साहब, मैडम से कह दीजिएगा, पिछले महीने ड्रायर बंद था, पाउडर बना ही नहीं." मी "बिल्कुल" म्हणतो आणि तुला सांगत नाही. ज्या दुग्धशाळेचा आकडा येत नाही, तिचा आधीच्या महिन्याचाच आकडा धरायचा, ही तुमची रीत मला ठाऊक होती. उन्हाळ्यात दूध आटते, भुकटी उतरते. तुझ्या आलेखात ती चढलेलीच राहिली. कार्यालयात तुझ्या साहेबांनी सर्वांसमक्ष विचारले, "बाई, तुमच्या म्हशींना उन्हाळा लागत नाही वाटतं?"

घरी येऊन तू म्हणालीस, "कळवायचं तरी होतं हो त्यांनी. इतके बेजबाबदार वाटले नव्हते." मी तुला चहा करून दिला. मला आनंद झाला होता. पुन्हा त्याचा फोन आला तेव्हा तू हातानेच नको अशी खूण केलीस, आणि "घर पर नहीं हैं" हे मी अतिशय सभ्यपणे सांगितले. त्यानंतर पोळ्या लाटताना तू लोण्यातुपाचा विषय काढला नाहीस. तो विषय मला हवा होता, हे तेव्हा उमगले. तरीही मी स्वतः तो कधी काढला नाही.

तू गेल्यावर त्याचे पत्र आले होते. ते न उघडता ठेवले. आज राजधानीतल्या द्वारकेचे हे भाड्याचे घर रिकामे करताना उघडले. सांत्वनाच्या दोन ओळी, आणि खाली, "उस दिन मेरा संदेश मैडम तक पहुँचा था न?" तुझ्याविषयी एवढे मनात बाळगणारा आणखी कोणी होता, याचाच मला प्रथम राग आला.

पत्ता सुवाच्य होता. त्याला उत्तर लिहिले नाही. हे लिहिले, जे कोठेही धाडायचे नाही. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत दिल्या.