नांगराच्या दोरीवरचा हात

प्रिय धाकट्या,

होडी विकायचा तुझा कागद मिळाला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून पाठवलीस, जसं काही तुझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. गिऱ्हाईक रविवारी येणार हेही कळलं. धक्क्यावरच्या मिस्त्रीने चुगली केल्यापासून तू चार वेळा फोन केलास, आणि मी तो मुद्दामच उचलला नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसती हं हं करत बसते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तर हो, मी एकटीच होडी घेऊन गेले होते. अडुसष्टाव्या वर्षी, हा कुरकुरता गुडघा घेऊन, अख्खी रात्र. धक्क्यावर मिस्त्री दोरी सोडेना, म्हणून मीच सोडली. शीड चढवताना दम लागला, खोटं कशाला सांगू. पण तळ्यातल्या पहिल्या दोन बेटांमधून वारा मागून मिळाला आणि होडी अशी निघाली की मी एकटीच हसत सुटले. संध्याकाळी तिसऱ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला, तू लहानपणी चप्पल बुडवून रडला होतास तिथेच. डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. तुझ्या बाबांची जागा रिकामी होती. रडू आलं, ते रडून घेतलं.

मग वारा फिरला. कागदासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी होती, ते रात्र रात्र जागून होडी सांभाळायचे. तू सात वर्षांचा होतास त्या वादळाची गोष्ट तू प्रत्येक पाहुण्याला सांगतोस. बाबांच्या शोकसभेतही सांगितलीस आणि लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले. पण तू ती गोष्ट जेवताना काढलीस की तुझे बाबा ताटातून मान वर करत नसत, हे कधी पाहिलंस का?

तुझ्या बाबांसारखं सुकाणू धरणारा माणूस या तळ्यावर झाला नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. पण ते दिवसा. रात्री उशीला डोकं टेकलं की तो माणूस संपला. तीस वर्षं नांगराच्या दोरीवर हात ठेवून मी जागले. नांगर तळाशी सरकायला लागला की दोरी थरथरते, ते हाताला कळतं. त्या वादळाच्या रात्रीही ती थरथरली. हलवून हलवून उठवलं तर हे घाबरून नांगरच वर ओढायला निघाले. मी त्यांना बाजूला केलं आणि होती नव्हती तेवढी दोरी सोडली. लांब दोरीवर नांगर पुन्हा रुतला. पहाटे ती दोरी त्यांच्या हातात देऊन मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात तू जागा झालास. बाबा, तुम्ही रात्रभर जागे होतात का, असं तू विचारलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच होकारार्थी मान हलवली. सात वर्षांच्या पोराला बाप शूर वाटतो आहे, तर वाटू दे, म्हटलं.

या खेपेलाही दोरी थरथरली. गुडघा धरला होता म्हणून बसल्या बसल्या सरकत पुढे गेले, दोरी सोडली, नांगर रुतला. उजाडेपर्यंत हात तिथेच होता. भीती वाटली, पण ती मला आधीही वाटायचीच.

होडीला आता कुणी नाही, असं तू लिहिलंस. ती सांभाळणारी बाई अजून जिवंत आहे. म्हणून तुझा कागद परत पाठवते आहे. एवढा जाड कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलं. फुलीजवळची जागा कोरीच आहे. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव, आणि सुट्टीत नातीला घेऊन ये. तिला दोरीवर हात ठेवायला मी शिकवणार आहे. आणि सही हवी होती ना तुला? ही घे, या बाजूला.

तुझीच,
आई