कर्तरी आणि कर्मणी

प्रिय मोनिका,

सलाम. तू आपल्या चर्चच्या मंडळीबाहेर लग्न केलंस, तेव्हा पवित्र राहायचं म्हणून मी आलो नाही. तू म्हणालीस, "दादा, तुझं व्याकरण लई शुद्ध, मनाचं काय?"

चार वर्षं 'मी पवित्र होतो' हा कर्तरी प्रयोग चालवला. तुझी आठवण आली की रविवारचं पावित्र्य सोमवारी दुपारीच संपतं. माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराला आत्ता कळलं, ते वाक्य कर्मणी आहे: देवाच्या दयेनं मी पवित्र केला जातो.

मग धीर करून तुला 'माझ्याकडून चूक केली गेली' असं लिहिलं आणि तीनदा खोडलं. इथं मात्र कर्तरीच लागतो: मी चुकलो. ते तोंडानंच म्हणायला हवं. म्हणून पत्र पेटीत न टाकता, त्यात हे लिहीत छावणीच्या थांब्यावर उभा आहे. तुझ्या कन्नड गावाच्या दोन बस सोडल्या, तिसरी दिसतेय. दार उघडशील ना?

तुझा अशुद्ध
दादा